प्रयोगात नसलेली आई

“सांगू नका!” असं म्हणत मॅडम उजव्या हाताचा पंजा समोरच्याच्या तोंडापुढे धरायच्या. चौकात गाड्या अडवणारा हवालदार धरतो तसा. समोर संस्थेचे संचालक असोत नाहीतर चहा घेऊन आलेला कँटीनवाला, पंजा सगळ्यांना सारखाच. एखादी गोष्ट कुठून आली, कुणाची आहे, चांगली की वाईट, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघण्याआधी कुणी सांगितलेलं त्यांना खपत नसे.

हे वेड त्यांनी कामापुरतं ठेवलं असतं तर आमची काही तक्रार नव्हती. पण जेवतानाही तेच. दुपारी डबे उघडले की मॅडम प्रत्येकाच्या भाजीतला घास घेणार आणि त्याआधी पंजा वर. “सांगू नका कुणी केलंय ते. मला चव बघू द्या.” एकदा माझ्या बायकोच्या वालाच्या बिरड्याचा घास घेऊन म्हणाल्या, “मीठ विसरलंय कुणीतरी.”

“मॅडम, ते माझ्या घरचं आहे,” मी म्हणालो.

“म्हणून तर म्हटलं, सांगू नका. आता मला छान म्हणायला लागेल.”

तरी छान म्हणाल्या नाहीत त्या नाहीतच. मी डबा तसाच घरी नेला, चव घेतली, आणि बायकोला काही बोललो नाही. मीठ खरंच नव्हतं.

मी अंधेरीतल्या एका संशोधन संस्थेत तंत्रज्ञ आहे. माझं काम ऐकून लोक पाहुण्यांसमोर विषय बदलतात. प्राण्याच्या शरीरातला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, ते काचेवर चढवून रंगवायचे. मग मॅडमसारखी माणसं मायक्रोस्कोपला डोळा लावून त्या काचेवर काय घडलंय ते वाचतात. मॅडमचा विषय लिव्हर. त्यांच्या हाताखाली मी इतकी वर्षं काढली की आमच्या घरी कलेजी आली तरी मी आधी तिचा रंग बघतो.

मॅडम मूळच्या वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या. आई अंधेरीच्या बाजारात मासे विकायला बसायची आणि शाळेच्या सुट्टीत ह्या तिच्या शेजारी. मुशी, म्हणजे छोटा शार्क, कापली की आतून अंगाच्या मानाने भलंमोठं लिव्हर निघायचं. ते बघून लहानपणी मॅडमना प्रश्न पडला की बांगड्याचं एवढंसं आणि हिचं एवढं का? आई म्हणायची, “काप गो बाय पटापट, गिऱ्हाईक उभं हाय.” मॅडम हा किस्सा सांगताना खो खो हसायच्या आणि शेवटी मला म्हणायच्या, “परब, त्या गिऱ्हाइकाला काय माहीत, त्याने माझी केवढी खोटी केली ते!”

बोलणं असं रोखठोक. आवाज बाजारात कमावलेला. एखाद्या विद्यार्थ्याने “मॅडम, मला वाटतं की” अशी सुरुवात केली की त्या लगेच म्हणणार, “वाटलं ते घरी जाऊन आईला सांग. इथे दिसलं ते सांग.” नवीन मुलं पहिले काही महिने त्यांना टरकून असत. पुढे हीच मुलं लग्नाची पत्रिका पहिली त्यांना द्यायला येत.

आता जरा कामाचं सांगतो. घाबरू नका, थोडक्यात आटपतो.

गरोदर बाईला जंतुसंसर्ग झाला तर डॉक्टर अँटिबायोटिक देतात. पण औषध आईच्या पोटात गेलं की वाईट जंतूंबरोबर तिथल्या चांगल्या जंतूंचीही धुलाई होते. नेमक्या त्याच दिवसांत पोटातल्या बाळाचं लिव्हर घडत असतं. मॅडमचा प्रश्न एवढाच होता की आईने घेतलेल्या औषधाची खूण बाळाच्या लिव्हरवर उमटते का? माणसांच्या बाळांचं लिव्हर कापून बघता येत नाही, म्हणून उंदीर. गाभण उंदरिणींचे दोन गट केले. एका गटाला औषध, एका गटाला नुसतं पाणी. पिल्लं जन्मली, काही दिवसांची झाली, की त्यांची लिव्हर माझ्या टेबलावर.

नवजात पिल्लाचं लिव्हर सुरुवातीला रक्त बनवायचंही काम करत असतं. पिल्लू वाढायला लागलं की रक्त बनवणाऱ्या पेशींचे पुंजके हळूहळू गाशा गुंडाळतात आणि लिव्हर आपल्या खऱ्या कामाला लागतं. माझ्या रंगात हे पुंजके गडद जांभळे दिसतात. ते किती उरलेत, यावरून लिव्हर कितपत तयार झालंय ते कळतं.

कुठली काच कुठल्या आईच्या पिल्लाची, ते फक्त मला माहीत असायचं. मी नावावर कागदी पट्टी लावून वर नंबर टाकत असे. मॅडम एका खोलीत वाचायच्या आणि श्वेता दुसऱ्या खोलीत. एकमेकींचे आकडे विचारायचे नाहीत, तोंडावरचे भावसुद्धा दाखवायचे नाहीत. मॅडम म्हणायच्या, “कुठली औषधवाली ते कळलं ना परब, की डोळा लबाडी करायला लागतो. आपल्याला हवं तेच बघतो मेला.”

श्वेता ही मॅडमच्या हाताखालची संशोधक. माहेर वाशीमकडचं, सासर घाटकोपरचं. शिष्यवृत्तीवर शिकत इथवर आलेली, हुशार, आणि मॅडमशी वाद घालायची हिंमत असलेली आमच्यातली एकटीच. मॅडमनी तिला एवढं घासूनपुसून तयार केलं होतं की पुंजके मोजताना दोघींच्या आकड्यांत नावालाच फरक निघे.

ज्या दिवशी मी पट्ट्या काढल्या त्या दिवशी खोलीत आम्ही तिघंच होतो. औषध दिलेल्या आयांच्या पिल्लांत जांभळे पुंजके रेंगाळले होते. पेशींमध्ये चरबीचे थेंबही जास्त होते. लिव्हर घडत होतं, पण मागे पडलं होतं.

“मॅडम, झकास!” श्वेता जवळजवळ नाचलीच.

मॅडम खुर्चीत मागे रेलल्या, चष्मा काढला, आणि म्हणाल्या, “पुन्हा वाच. सगळ्या. नंबर बदलून.”

पुन्हा वाचलं, तेच निघालं. मग मात्र दुसऱ्या दिवशी मॅडम तळलेल्या बोंबलांचा मोठा डबा घेऊन आल्या आणि झाकण उघडायच्या आधी स्वतःच म्हणाल्या, “वहिनीने केलेत माझ्या. एक नंबर आहेत.” मी आणि श्वेता एकमेकांकडे बघतच राहिलो. बाई खूश होती हो त्या दिवशी! कोळीवाड्यातली एक मुलगी नव्या गोष्टीपर्यंत पोहोचली होती आणि त्या गोष्टीच्या काचा मी रंगवल्या होत्या. संध्याकाळी घरी जाताना माझीही छाती थोडी पुढे होती, खोटं कशाला बोलू!

त्यानंतर थोड्याच दिवसांनी श्वेताला दिवस गेल्याचं कळलं. मॅडमनी तिचं टेबल खिडकीशी हलवलं आणि माझ्या खोलीत यायला तिला बंदी केली, कारण माझ्याकडे रसायनांचे वास. “परबांच्या खोलीत पाय ठेवलास तर बघ. काचा तुझ्याकडे चालत येतील, तू काचांकडे जायचं नाहीस.” त्या काचा कुणाच्या पायांनी चालत जायच्या, ते सांगायला नको.

पाचवा महिना लागला असेल. श्वेता आठवड्याच्या मध्येच यायची बंद झाली. ‘थोडी कणकण आहे’ असा निरोप आला. आम्ही म्हटलं, असेल.

दोन-तीन दिवसांनी सकाळीच आमच्या फाटकावर गडबड ऐकू आली. साठीच्या एक बाई, हातात पिशवी, पहारेकऱ्याला न जुमानता थेट वर आल्या. मॅडमच्या दारात उभं राहून म्हणाल्या, “तुम्हीच ना त्या उंदीरवाल्या मॅडम?”

मॅडम मायक्रोस्कोपवरून उठल्या. “हो, मीच. तुम्ही?”

“मी श्वेताची सासू. काय शिकवून ठेवलंय माझ्या सुनेला? पोरगी तापाने फणफणलीय, पाठ धरून रडते, आणि गोळीला हात लावत नाही. डॉक्टरने लघवीचं इन्फेक्शन सांगितलंय. गोळ्या आणून दिल्या मी स्वतः. म्हणते, मॅडमच्या उंदरांची लिव्हर बिघडली, मी नाही घेणार. आता उंदरांचं ऐकायचं का डॉक्टरचं?”

मॅडमचा चेहरा उतरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. त्यांनी पर्स उचलली. “परब, चला.”

मेट्रोत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मॅडम अंगावरचा पांढरा अप्रन काढायला विसरल्यात. समोरच्या एका आजोबांनी त्यांना डॉक्टर समजून खिशातून शुगरचा रिपोर्ट काढला. मॅडम म्हणाल्या, “काका, मी उंदरांची डॉक्टर आहे.” श्वेताच्या सासूबाईंनी एक सुस्कारा सोडला आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

श्वेता पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. नवरा फिरतीच्या नोकरीवर, नेमका बाहेरगावी. उशाशी गोळ्यांची पट्टी होती आणि त्यातली एकही गोळी फोडलेली नव्हती. आम्हाला बघून ती कशीबशी उठून बसली. डोळे लाल, ओठ सुकलेले.

“का नाही घेतल्यास?” मॅडमनी उभ्या उभ्याच विचारलं.

“तुम्ही विचारताय मॅडम?”

“हो, मीच विचारतेय.”

“मी स्वतः मोजलेत ते पुंजके. नाव न बघता मोजलेत. तुम्हीच म्हणता ना, दिसलं ते सांग? मला दिसलं. प्रत्येक काचेवर दिसलं.” तिने पोटावर हात ठेवला. “आता ह्याचं लिव्हर बनतंय आत. आणि मी तीच गोळी गिळू?”

सासूबाईंनी मॅडमचा दंड धरला आणि कानात बोलल्या. कानात म्हणजे साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं. “अहो, सांगून टाका ना, काही होत नाही म्हणून. उंदरांना होतं, माणसांना होत नाही, असं काहीतरी सांगा. तुमचं ऐकेल ती.”

मलाही मनातून तेच वाटत होतं. एक वाक्य तर बोलायचं होतं. कुणाचं काय बिघडणार होतं?

मॅडम पलंगाच्या कडेला बसल्या. “औषध दिलं तेव्हा आपल्या उंदरिणींना काय झालं होतं गं?”

“काही नाही. ठणठणीत होत्या.”

“मग औषध कशाला दिलं?”

“परिणाम बघायला.”

“म्हणजे ज्यांना गरज नव्हती त्यांना दिलं. तुला गरज आहे. तुला ताप आहे, पाठ दुखतेय, जंतू किडनीपर्यंत चढायला लागलेत. अशी आई आपल्या प्रयोगात कुठल्या गटात आहे? सांग.”

श्वेताला तापातही तो प्रश्न बरोबर जाऊन लागला असावा, कारण तिच्या कपाळावर ती वाचायला बसली की पडायची तशी आठी पडली.

“कुठल्याच नाही,” ती हळूच म्हणाली.

“नाहीच. आजारी असून औषध घेतलेली आई नाही आणि आजारी असून न घेतलेलीही नाही. आपण तो प्रश्नच घेतला नव्हता. मग त्या काचांवरून तू तुझा निकाल कसा काय लावलास? इतकी ढिली मुलगी मी तयार केली नव्हती.”

श्वेताला रडू फुटलं. “ठीक आहे. मग तुम्ही सांगा. माझ्या बाळाला काही होणार नाही. एकदा सांगा मॅडम, मी आत्ता घेते. तुमच्यासमोर घेते.”

सासूबाई आशेने पुढे झाल्या. मी मनात म्हटलं, बोला मॅडम, बोलून टाका.

“नाही सांगणार,” मॅडम म्हणाल्या. “मला माहीत नाही, श्वेता. लिव्हरवर थोडीशी खूण राहील की नाही राहणार, मला खरंच माहीत नाही. ताप अंगावर काढला तर काय होतं ते मात्र डॉक्टर रोज बघतात. बाळ वेळेआधी येतं. कधी येतच नाही. एका बाजूला माझी शंका आहे आणि दुसऱ्या बाजूला त्यांना माहीत असलेली गोष्ट. वजन तू कर. पण खोटं बोलून तुझ्या तोंडात गोळी घालणार नाही मी. उद्या माझ्या कुठल्या आकड्यावर तू विश्वास ठेवशील?”

त्यांचा आवाज बाजारातला राहिला नव्हता. त्यांनी श्वेताच्या फोनवरून तिच्या डॉक्टरना फोन लावला आणि मोठ्याने ऐकू येईल असा समोर ठेवला. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं आणि ताडकन म्हणाल्या, “आता गोळीने भागणार नाही. लगेच घेऊन या, सलाइनमधून औषध द्यावं लागेल.”

श्वेताने तोंड पुसलं, पाय पलंगाखाली सोडले आणि सासूबाईंना विचारलं, “आई, माझ्या चपला कुठे आहेत?”

मी सांगतो तुम्हाला, एवढ्या वर्षांत मी मोठमोठ्या शास्त्रज्ञांची भाषणं ऐकली, त्यांना मिळालेली मानपत्रं बघितली. पण त्या पलंगाच्या कडेला बसून ‘मला माहीत नाही’ म्हणणाऱ्या मॅडमइतका अभिमान मला कुणाचा वाटला नाही.

ताप उतरायला दोन-तीन दिवस लागले. मॅडम रोज रुग्णालयात येऊन बसायच्या. अप्रन पहिल्याच दिवशी एका नर्सने काढायला लावला, कारण दोन पेशंट त्यांच्याकडे औषध विचारायला आले होते.

नंतर मॅडमनी आमचे निकाल मोठ्या सभागृहात मांडायचे ठरले. संचालकसाहेब उत्साहात होते. वर्तमानपत्रवाल्यांना बोलावलं होतं आणि बातमीचा मथळाही कुणीतरी तयार ठेवला होता. गरोदरपणातलं औषध बाळाच्या लिव्हरला घातक, असा काहीतरी. मॅडमनी मांडणीची सुरुवातच अशी केली होती की ह्या प्रयोगातल्या सगळ्या आया निरोगी होत्या, त्यामुळे आजारी बाईने डॉक्टरांनी दिलेलं औषध घ्यावं की नाही, याबद्दल हा प्रयोग काहीही सांगत नाही.

संचालकांनी आदल्या दिवशी ते वाचलं आणि म्हणाले, “मॅडम, हे जरा शेवटी टाकू या का? पहिल्याच वाक्यात हवा निघून जाते.”

“सर, शेवटपर्यंत थांबतं कोण?” मॅडम म्हणाल्या.

वाक्य पहिलंच राहिलं. मथळा बारगळला. एक वार्ताहर तर चहा पिऊन मधेच निघून गेला. मॅडमच्या हयातीतलं सगळ्यात मोठं काम आतल्या पानावर चार ओळींत आलं. मला भयंकर राग आला होता. पुढच्या रांगेत श्वेता मोठं पोट सांभाळत बसली होती आणि ती मात्र अशी टाळ्या वाजवत होती की शेजारचे वळून बघत होते.

श्वेताला मुलगी झाली, पूर्ण दिवसांची. चांगली सणसणीत. आम्ही पेढे खाल्ले. आणि तिसऱ्या दिवशी फोन आला की बाळ पिवळं पडलंय.

कावीळ म्हणजे लिव्हर, हे तुम्हाआम्हाला कळतं, तर आमच्या लॅबमध्ये काय अवस्था झाली असेल बघा. आम्ही पोहोचलो तेव्हा बाळ काचेपलीकडे निळ्या दिव्याखाली झोपलं होतं, डोळ्यांवर इवलीशी पट्टी बांधून. डॉक्टर म्हणाले, नवजात बाळांना अशी कावीळ सर्रास होते, काही काळजी नको. श्वेता खुर्चीत बसली होती. तिने मॅडमकडे नुसतं बघितलं. औषधामुळेच का, हा प्रश्न मला त्या बघण्यात ऐकू आला.

“औषधामुळे की कशामुळे, एका बाळावरून मला नाही सांगता येणार,” मॅडम म्हणाल्या. “डॉक्टर म्हणतात ती नेहमीची आहे, मलाही तसंच दिसतंय.”

मग त्या काचेशी जाऊन उभ्या राहिल्या. मी शेजारी गेलो. त्यांनी तळहात काचेवर टेकवला होता.

“परब, मला भीती वाटतेय हो.”

“डॉक्टर म्हणाले ना, साधी आहे म्हणून.”

“डॉक्टरांचं बरोबर आहे. पण भीतीला कुठे कळतं ते?”

कावीळ उतरली. बाळ घरी गेलं. बारशाला मॅडम चांदीचे वाळे घेऊन गेल्या आणि सासूबाईंनी त्यांना हाताला धरून पहिल्या पाटावर बसवलं. शेजारणींना ओळख करून देताना म्हणाल्या, “ह्या आमच्या उंदीरवाल्या मॅडम.” मॅडमना आयुष्यात मिळालेल्या पदव्यांपैकी ही त्यांना सगळ्यात आवडलेली असावी. पुढे कितीतरी दिवस त्या फोनवर स्वतःची ओळख तशीच करून द्यायच्या.

पण त्या घाटकोपरच्या पलंगावर निघालेला प्रश्न त्यांनी सोडला नाही. चार गटांचा नवा प्रयोग त्यांनी लिहून काढला. निरोगी आया आणि आजारी आया, औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या. प्राण्यांच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीने तो परत पाठवला, कारण मुद्दाम उंदरिणींना आजारी पाडायचं होतं. मॅडमनाही ते जड जात होतं. त्या प्राणीघरातून आल्या की हात पुन्हा पुन्हा धुवायच्या. तरी त्यांनी समितीसमोर उभं राहून एकेका उंदरिणीचं कारण सांगितलं आणि परवानगी आणली. काम सुरू व्हायच्या आधीच त्यांची निवृत्ती आली. निरोपाच्या समारंभात सगळ्यांनी लांबलचक भाषणं केली. मॅडमनी उत्तरादाखल एवढंच म्हटलं, “प्रयोग श्वेताचा आहे आता. तिला शिकवायला कुणी जाऊ नका.”

प्रयोग रखडत रखडत चालला. आधी निधी अडला, मग प्राणीघराची दुरुस्ती निघाली. मॅडम वेसाव्यातून अधूनमधून फोन करायच्या, पण कामाबद्दल एक अक्षर विचारायच्या नाहीत. माझी, माझ्या बायकोची, श्वेताच्या मुलीची चौकशी करायच्या आणि ठेवायच्या. गेल्या वर्षी त्या आजारी पडल्या आणि महिन्याभरात गेल्या. आम्ही कोळीवाड्यात पोहोचलो तेव्हा गल्लीत उभं राहायला जागा नव्हती. त्यांचे जुने विद्यार्थी कुठून कुठून आले होते. एवढी शिकलेली माणसं भरल्या डोळ्यांनी रांगेत उभी बघून त्यांचा भाऊ मला म्हणाला, “ताईनं एवढी माणसं जमवली, आमाला कदी बोललीच नाय.” मी त्याला म्हणालो, “ती सगळी त्यांनी घडवलेली आहेत.” हे सांगताना मला रडू येत होतं आणि ताठ उभंही राहावंसं वाटत होतं.

परवा त्या चार गटांची लिव्हर माझ्याकडून कापून झाली. नावं झाकून, नंबर टाकून, गटवार ट्रे मी आधी मोजदादीसाठी श्वेताच्या टेबलावर ठेवले; वाचायला देताना काचा मी मिसळणारच होतो. शाळेला सुट्टी होती म्हणून तिची मुलगी आजीबरोबर आली होती आणि बाहेरच्या व्हरांड्यात धावत होती.

श्वेताने एकेक ट्रे उघडून बघितला. तीन ट्रे काचांनी गच्च भरलेले. चौथा उघडला आणि ती थांबली. त्यात एका कोपऱ्यात थोड्याशा काचा होत्या. बाकी सगळ्या खाचा रिकाम्या.

“परबकाका, हा भरायचा राहिलाय का?”

“नाही गं. प्राणीघरातून ह्या आयांची एवढीच पिल्लं आली. बाकीची जन्मलीच नाहीत.”

मी नंबर सांगितला नव्हता, गटही सांगितला नव्हता. तिनेही विचारला नाही. भरलेल्या तीन ट्रेंमधल्या लिव्हरचं वाचन अजून व्हायचंय, औषधाची खूण त्यात निघेल किंवा निघणार नाही. मॅडमची शंका अजून शंकाच आहे. पण आजारी असून औषध न मिळालेल्या आयांच्या पिल्लांचं लिव्हर कसं आहे, हे तपासायला आमच्याकडे पुरेशी पिल्लंच नव्हती.

श्वेता त्या रिकाम्या खाचांवरून बोट फिरवत बसली. फोनकडे तिचा हात गेला आणि मग तिच्याच लक्षात आलं की आता फोन करायला कुणी नाही.

व्हरांड्यातून मुलगी ओरडली, “आई, चल ना! किती वेळ!”

श्वेता “आले” म्हणाली, पण तिचा आवाज दारापर्यंत गेला नाही. मग मुलगीच धावत आत आली आणि आईच्या गळ्यात पडली.